सातारा-सांगलीच्या दप्तरांतून नोंद काढण्याच्या पद्धती

लिहून ठेवलेल्या कागदातून हवे तेवढेच काढून घेणे, म्हणजे एखादे नाव, तारीख, जमिनीचे क्षेत्र किंवा आकाराची रक्कम, हे कारभारातले जुने आणि चिकट काम आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ते तीनशे वर्षांहून अधिक काळ अखंड चालू आहे. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला आणि राजधानी तेथे आली. पुढे मिरज, सांगली, तासगाव या भागात पटवर्धन सरदारांचा अंमल बसला. माणदेशाच्या अंगाला औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर आणि जतचे डफळे होते. प्रत्येकाचे दप्तर वेगळे आणि लिहिण्याची शिस्तही थोडीफार वेगळी. या सगळ्या दप्तरांतून नोंद काढण्याच्या रीती शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. शोधाचा वेग शोधणाऱ्याच्या हुशारीवर थोडाच अवलंबून असतो. कागद मुळात कोणत्या क्रमाने लिहिला, यावर तो फार अवलंबून असतो.

सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या दप्तराचा कणा म्हणजे रोजकीर्द. दिवसभरात जी सनद दिली, जी वरात काढली, जो हुकूम सुटला, जी रक्कम जमा झाली किंवा खर्ची पडली, ते सारे त्या दिवसाखाली उतरवून घेतले जाई. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोपी रीत नाही, कारण कालच्या मजकुराखाली आजचा मजकूर लिहीत जायचे एवढेच. तारीख ठाऊक असली तर शोधणाऱ्यालाही कीर्द सोयीची पडते. पण एखाद्या गावच्या पाटलाला इनाम केव्हा मिळाले, हे पाहायचे आणि साल माहीत नाही, असा प्रसंग आला की वर्षावर्षाच्या कीर्दी पानोपान चाळण्याला पर्याय उरत नाही. कीर्द ‘केव्हा’ या प्रश्नाला धरून लिहिलेली असते. ‘कोण’ आणि ‘कुठे’ या प्रश्नांपुढे ती अडते.

त्या काळच्या कारकुनांनी यावर काढलेला उपाय म्हणजे तोच मजकूर दुसऱ्यांदा लिहिणे. फडणिसाकडच्या रोजच्या नोंदी दप्तरदाराकडे जात आणि तेथे त्यांची खतावणी होई. एका गावाचे, एका परगण्याचे किंवा एका सरदाराचे जे काही कीर्दीत विखुरलेले असेल ते एका खात्याखाली गोळा होई. याच हेतूने घडण्या, म्हणजे कीर्दीतून बाबवार वेचलेल्या नोंदी, तयार होत. शेवटी बेरजांचा गोषवारा काढून तेरीज बांधली जाई. अशा तऱ्हेने एकाच व्यवहाराची नोंद तीन ठिकाणी राही, एकदा तारखेने, एकदा खात्याने आणि एकदा नुसत्या आकड्याने. दुसऱ्यांदा लिहिण्याचा खर्च मोठा होता. त्यासाठी कारकून पोसावे लागत, कागद आणि शाई लागे. मात्र हा खर्च एकदाच पडे आणि पुढे प्रत्येक शोधात वसूल होई. दप्तरखान्यातील सर्वांत महत्त्वाचा शोध कोणता, असे विचारले तर उत्तर खतावणी हेच द्यावे लागेल. पुढच्या काळातील प्रत्येक सुधारणा तिचाच विस्तार आहे.

सुटा कागद मात्र कीर्दीतही नसतो आणि खतावणीतही. तो पत्रांच्या गठ्ठ्यात, कापडी रुमालात बांधलेला असतो. मोडी पत्रातून एकच बाब, तीही नुसती तारीख, काढायची तर काय करावे लागते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मोडी लिहिणारा आधी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढतो आणि तिला खालून अक्षरे लटकवत जातो. बोरू शक्यतो उचलायचा नाही, म्हणून काना आणि वेलांटी पुढच्या अक्षरात मिसळून जातात. दोन शब्दांत जागा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही, परिच्छेद नाही. वाचणाऱ्याला आधी शब्द कुठे तुटतात हे ठरवावे लागते आणि त्यासाठी पत्राच्या ठरलेल्या मायन्याचा आधार घ्यावा लागतो. आरंभी श्री, मग ज्याला पत्र लिहिले त्याची बिरुदे, मग लिहिणाराचे नाव, कुशलाचा मजकूर, मग खरा विषय, आणि शेवटी ‘जाणिजे’, चंद्राची तारीख व मोर्तब. ही चौकट डोक्यात बसलेला वाचक मधला मजकूर न वाचता थेट शेवटाकडे जाऊ शकतो. जुन्या पत्रांचा ठराविक मायना आज कंटाळवाणा वाटतो, पण दप्तरातल्या माणसाला तो रकान्यांचे काम देत होता.

तारीख सापडली तरी ती लगेच कळत नाही. ‘छ’ हे अक्षर, त्यापुढे आकडा आणि मग जमादिलाखर, रजब, साबान असा हिजरी महिना. साल बहुधा सुहूर गणनेतले आणि तेही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. एकक आधी, दशक नंतर आणि सहस्र शेवटी, अशा उलट्या क्रमाने ते ११६१ होते. सुहूर साल मृगाच्या सुमारास पालटते. म्हणून त्यानंतरच्या महिन्यांसाठी ५९९ आणि इसवी सन बदलल्यावर ६०० मिळवायचे. या हिशेबाने ११६१ म्हणजे जून १७६० ते मे १७६१, आणि पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, त्यात बसते. जंत्री जवळ नसेल तर एका पत्राची तारीख लावण्यात बराच वेळ जाई. घरगुती पत्रांत तर पुष्कळदा नुसती तिथी असते, साल नसतेच. मग पत्रातल्या प्रसंगावरून, कोण जिवंत आहे आणि फौज कोठे उतरली आहे यावरून साल ठरवावे लागते.

नावांचीही अशीच अडचण. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही. ‘श’च्या जागी ‘स’ येतो, म्हणून शिंदे जुन्या कागदात सिंदे होतात. आडनाव लिहिलेच पाहिजे असाही नेम नव्हता. कुणी वतनावरून ओळखला जाई, कुणी बापाच्या नावावरून, कुणी नुसता मौजेकर म्हणून. मोडी ही भरभर लिहिण्यासाठी घडलेली लिपी आहे आणि त्या कामात ती अव्वल आहे. छावणीतून निघालेल्या जासुदाच्या हाती वेळेवर पत्र पडणे, याला राज्याच्या दृष्टीने फार मोल होते. त्या घाईची किंमत मात्र दोनशे वर्षांनंतरचा वाचक मोजतो. लिहिणाऱ्याचा वाचलेला वेळ शोधणाऱ्याच्या खात्यावर चढतो, आणि हे नाते या साऱ्या इतिहासात वारंवार दिसते.

गावपातळीवर कुलकर्ण्याचे दप्तर असे. जमीनझाडा, लावणीपत्रक, वसूलबाकी हे त्यातले नित्याचे कागद. ते त्याच्याच घरात राहत, कारण कुलकर्णपण वंशपरंपरेचे वतन होते. रयतेपैकी कुणाला आपल्या नावची नोंद हवी असली तर ती काढण्याचा सर्वांत जलद मार्ग कुलकर्ण्याची स्मरणशक्ती हाच होता. कोणते शेत कुणाचे, बांध कुठे, कोणती बाकी कितव्या सालची, हे त्याला कागद न उघडता सांगता येई. या पद्धतीच्या वेगाशी कोणतीही लेखी पद्धत बरोबरी करू शकली नसती. तिच्यात दोष होता तो विश्वासाचा. उत्तर पडताळायला दुसरी जागा नव्हती, आणि ज्याच्या हाती दप्तर त्याच्या हाती गाव, अशी स्थिती होई. वतनाच्या भांडणात गोतसभा बसवून, शेजारच्या गावांचे पाटील-कुलकर्णी बोलावून महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, करावा लागे, तो याच कारणाने. एका नोंदीची शहानिशा करायला दिवसचे दिवस जात.

कागदाइतकीच मुरलेली आणखी एक परंपरा या भागात आहे, ती हेळव्यांची. कर्नाटकाच्या बाजूने बैल घेऊन सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत येणारा हेळवी ठरलेल्या घराण्यांच्या दारात उभा राहतो आणि त्यांची वंशावळ वाचून दाखवतो. नवे जन्म, नवी लग्ने यांची भर त्याच वेळी पडते. त्याच्या वहीचा क्रम तारखेचा नाही आणि जमिनीचाही नाही. तो घराण्याचा आहे. त्यामुळे पणजोबांच्या वडिलांचे नाव काय, हा प्रश्न सरकारी दप्तरात अनेक कागद जुळवून सुटतो, तो हेळव्याकडे चटकन सुटतो. त्याच पणजोबांचे शेत किती होते, याचे उत्तर मात्र तेथून मिळत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही याच जातीच्या. गाव आणि आडनाव सांगितले की पान उघडते, कारण त्या मुळातच गावा-आडनावांनी लावलेल्या असतात.

१८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा ही सारी दप्तरे इंग्रजांच्या नजरेखाली आली. सातारचे राज्य प्रतापसिंह महाराजांना तहाने मिळाले आणि तेथे कंपनीतर्फे जेम्स ग्रँट डफ नेमला गेला. राजघराण्याचे व सरदारांचे कागद आणि पुण्यातील सरकारी दप्तर यांचा उपयोग करून त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत छापला गेला. हेतू इतिहासाचा असला तरी काम नोंदी काढण्याचेच होते. सरकारला मात्र या दप्तराची गरज वेगळ्या कारणाने होती. इनामे कुणाची खरी आणि कुणाची खोटी, हे ठरवण्यासाठी इनाम कमिशन बसले आणि १८५२च्या ११व्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. इनामदाराने पुढे केलेली सनद सरकारी दप्तरातल्या नोंदीशी जुळते का, हे पाहायचे. येथे खतावणी आणि घडणी यांची खरी परीक्षा झाली. जी नोंद खात्यावर चढली होती ती सापडे. जी नुसती कीर्दीत किंवा सुट्या कागदात राहिली होती ती सापडण्याचा भरवसा नसे. नोंद न सापडणे म्हणजे इनाम जाणे, असा अनेकांच्या बाबतीत परिणाम झाला. शोधण्याच्या पद्धतीवर माणसांचे पोट अवलंबून असते, हे त्या पिढीने सोसून पाहिले.

पुढे गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर राजे आणि पेशवे यांच्या रोजनिशांतून उतारे निवडले. ते विसाव्या शतकाच्या आरंभी खंडशः छापून निघाले. हजारो पानांच्या कीर्दींतून विषयवार मजकूर वेचणे म्हणजे शंभर-दीडशे वर्षांनी झालेली खतावणीच. वि. का. राजवाडे यांनी वाईत हाती आलेली पत्रे घेऊन १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. मिरजेत शाळामास्तर असलेले वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी पटवर्धन घराण्यांच्या दप्तरांना हात घातला आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेत ती पत्रे क्रमाने प्रसिद्ध केली. साताऱ्यात द. ब. पारसनीस यांनी जमवलेल्या कागदांचे आणि चित्रांचे संग्रहालय उभे राहिले. तो संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले.

यांतल्या खरेशास्त्र्यांच्या कामाकडे विशेष लक्ष द्यावे असे आहे, कारण ते एका माणसाने, नोकरी सांभाळून, एकाच ठिकाणी बसून केलेले होते. रुमालातील पत्र वाचायचे, त्याची बाळबोध नक्कल करायची, तारीख लावायची, काळाच्या क्रमात त्याची जागा ठरवायची आणि मागचा-पुढचा संदर्भ सांगणारा मजकूर लिहायचा, असे प्रत्येक पत्रामागे काम. हे एकदा झाले की पुढच्या अभ्यासकाला तेच पत्र शोधायला पान उलटण्याएवढाच वेळ लागतो. त्याला मोडी येण्याची गरज नाही, मिरजेला जाण्याची गरज नाही, जंत्रीचीही गरज नाही. मराठ्यांच्या उत्तरकाळाविषयी पुढे जे लिहिले गेले त्याचा मोठा भाग या एकट्या माणसाने उपसलेल्या कष्टांवर उभा आहे, आणि त्याचे ऋण जेवढे मानले जायला हवे तेवढे मानले गेलेले नाही.

१८४८ साली सातारा खालसा झाले आणि कंपनीच्या मुलखात धरले गेले. याच्या आधीच, १८३० नंतरच्या दशकात इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन मोजणीची नवी पद्धत बसवली होती. ती टप्प्याटप्प्याने सातारा जिल्ह्यातही आली. या पद्धतीतला क्रांतिकारक भाग साखळीने केलेल्या मोजणीपेक्षा क्रमांकात होता. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. तोवर शेत ओळखले जाई ते नावाने. माळाचे, वडाखालचे, अमक्याची पट्टी, तमक्याचा तुकडा, अशी नावे सांगणाऱ्याच्या तोंडून बदलत जात. नंबर बदलत नाही, आणि मुख्य म्हणजे तो क्रमाने लावता येतो. ११७ नंबर शोधायचा तर तो ११६ आणि ११८ यांच्या मध्येच सापडणार. टिपण, आकारबंद, नकाशा हे वेगवेगळे कागद एका नंबराने एकमेकांशी बांधले गेले.

पण नंबराखाली कुणाचा हक्क, कुणाचे गहाण, कुणाची कूळवहिवाट, हे आकारबंदात नव्हते. सरकारचा संबंध वसुलापुरता होता. ती उणीव १९०३च्या हक्कनोंदणीच्या कायद्याने भरून निघू लागली आणि पुढे गाव नमुन्यांची मालिका स्थिरावली. नमुना ६ म्हणजे फेरफार, ७ म्हणजे अधिकार अभिलेख, १२ म्हणजे पिकांची नोंद, ८-अ म्हणजे खातेदाराचे खाते. सात आणि बारा एका पानावर आले, तोच सातबारा. या मांडणीत जुन्या दप्तराचीच रचना ओळखू येते. फेरफार तारखेच्या क्रमाने लिहिला जातो, म्हणजे ती कीर्द. सातबारा जमिनीच्या क्रमाने आणि आठ-अ माणसाच्या क्रमाने, म्हणजे त्या दोन वेगळ्या खतावण्या. ‘या शेताचे मालक कोण’ याला सातबारा लागतो, ‘या माणसाची गावात जमीन किती’ याला आठ-अ लागतो, आणि ‘हे नाव इथे आले कसे’ याला फेरफार लागतो. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक हा या तिघांना जोडणारा दुवा.

हाती लिहिलेल्या सातबाऱ्याचा एक विशेष म्हणजे कंस. खातेदार मयत झाला किंवा त्याने जमीन विकली की त्याचे नाव खोडत नसत, त्याला कंस करत. वारसांची किंवा खरेदीदाराची नावे खाली येत आणि त्यांच्यापुढे नवा फेरफार क्रमांक पडे. जाणकार तलाठी पानावर एक नजर टाकून कंसाबाहेरची नावे वाचून दाखवतो. नवख्याला मात्र सगळीच नावे मालकांची वाटतात. दर दहा वर्षांनी सातबारा नव्याने लिहिला जाई, त्या वेळी कंसातली नावे गळत आणि पान स्वच्छ होई. पुनर्लेखनात एखादा कंस करायचा राहिला किंवा नको त्या नावाला पडला, तर ती चूक दहा वर्षे चाले आणि पुढच्या पुनर्लेखनात पक्की होई. क्षेत्राच्या रकान्यातही असाच सापळा आहे. जुन्या नोंदीत १-२० असेल तर तो एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर, कारण एकराचे गुंठे चाळीस. नंतरच्या नोंदीत आकडे हेक्टर-आर मध्ये आहेत आणि हेक्टरचे आर शंभर. रकाना तोच, आकडेही तसेच, पण वाचण्याचा नियम निराळा. आकडा झटकन हाती आला म्हणून तो बरोबरच वाचला, असे होत नाही.

कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने संपली आणि दप्तर वतनदाराच्या घरातून सरकारी तलाठ्याकडे गेले. याच सुमारास राजकीय नकाशाही बदलला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी साताऱ्याचे काही तालुके आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली ठेवले गेले. परिणामी आजच्या सांगली जिल्ह्यातील दोन शेजारच्या गावांचा पूर्वीचा कागद दोन वेगळ्या राजवटींच्या शिस्तीत लिहिलेला असू शकतो. आटपाडीचा कागद औंध संस्थानाचा, वाळव्याचा इंग्रजी अमलाचा. जुनी नोंद काढू पाहणाऱ्याला आधी गाव तेव्हा कुणाकडे होते, हे पाहावे लागते.

क्रमांकांच्या सोयीला स्वातंत्र्यानंतर एक मोठा धक्का बसला. १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. शेत तेच, पण ओळखीचा आकडा वेगळा. सर्व्हे नंबर धरून गेलेला माणूस गटात अडतो आणि गट नंबर धरून मागे गेलेला सर्व्हे नंबरात अडतो. या दोन क्रमांकांमधला पूल म्हणजे एकत्रीकरणाचे ९(३), ९(४) चे उतारे. बोली भाषेत ‘नऊ-तीन नऊ-चार’ म्हणून ओळखला जाणारा हा कागद गहाळ असला तर अर्धशतकापूर्वीची नोंद काढणे अतिशय अवघड होऊन बसते. वाटपाच्या आणि हद्दीच्या दाव्यांत या उताऱ्याला इतके महत्त्व येते ते यामुळेच.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत निराळी युक्ती वापरली गेली. १९०८च्या नोंदणी कायद्याने दस्ताची पूर्ण नक्कल पुस्तकात ठेवून तिच्या स्वतंत्र सूच्या करण्याचे बंधन घातले. सूची एकमध्ये माणसांची नावे, सूची दोनमध्ये मिळकतीचा तपशील. मूळ दस्त वीस-पंचवीस पानांचा असला तरी ‘इंडेक्स टू’ एका पानात मिळकत, मोबदला, देणारा, घेणारा आणि तारीख सांगतो. वकील आणि बँका टायटल तपासताना वर्षानुवर्षांच्या सूच्याच चाळतात. दस्त उघडला जातो तो हवी ती ओळ सापडल्यावर. येथे सारा मजकूर खात्याखात्याने पुन्हा लिहिण्याऐवजी त्यातील मोजक्या बाबी तेवढ्या बाजूला काढल्या आहेत. खतावणीपेक्षा हे श्रम कमी आणि वेग जवळजवळ तेवढाच.

हाच विचार यंत्रावर चढला तो अमेरिकेत. तेथील १८९०च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी भोके पाडलेली कार्डे मोजली. पुढे ८० उभ्या रकान्यांचे कार्ड रूढ झाले. कोणत्या रकान्यात काय, हे आधीच ठरलेले असल्याने यंत्राला काही वाचावे लागत नसे, ठरलेल्या जागी भोक आहे की नाही एवढेच पाहायचे. संगणकातील मजकुरातून बाबी काढण्याच्या रीती आजही याच पायऱ्यांवर आहेत. प्रत्येक बाबीची रुंदी ठरलेली असेल तर हिशेबाने थेट त्या जागी जाता येते. ही सर्वांत जलद रीत. बाबींच्या मध्ये स्वल्पविरामासारखी खूण असेल तर खूण सापडेपर्यंत अक्षर-अक्षर पाहत जावे लागते. हिचा वेग मध्यम. खूणही नसेल तर ‘आधी आकडा, मग तिरपी रेघ, मग आकडा किंवा अक्षर’ असा साचा देऊन मजकुरावर फिरवावा लागतो, जसे १०२/२अ यातून गट आणि हिस्सा वेगळा करणे. ही सर्वांत लवचीक आणि सर्वसाधारणपणे सर्वांत संथ रीत. मोडी पत्र वाचणारा मायन्याच्या आधाराने करतो ते हेच. या तिन्हींहून निराळी सूची. नोंदी क्रमाने लावून दर वेळी निम्म्या वगळत गेले तर एक लाख नोंदींतून हवी ती सतराव्या पायरीच्या आत मिळते, मग नोंद कितीही लांब असो.

देवनागरीत पहिल्या रीतीला एक अडचण येते. वाचणाऱ्याला ‘शिंदे’ ही दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये श, वेलांटी, अनुस्वार, द आणि मात्रा अशी ती पाच चिन्हे होतात आणि साठवताना प्रचलित पद्धतीत पंधरा बाइट व्यापतात. म्हणून ‘नावासाठी वीस अक्षरे’ असा रकाना मराठीत नीट आखता येत नाही आणि खुणेने तोडण्याची किंवा सूचीची रीत घ्यावी लागते. त्यात शिंदे, शिन्दे, शिंदें अशी वेगवेगळी टंकने झाली की यंत्राला ती तीन माणसे वाटतात. मोडीतले ‘सिंदे’ येथे नव्या रूपात पुन्हा भेटतात.

महाराष्ट्रात सातबारा संगणकावर घेण्याचे काम १९९०च्या आसपास सुरू झाले. पुढे फेरफारही ऑनलाइन झाले. हाताने लिहिलेली पाने टंकताना झालेल्या चुका काढण्यासाठी गावोगाव चावडीवाचन झाले, रि-एडिटची, म्हणजे फेरतपासणी करून दुरुस्तीची, फेरी झाली. तरीही राहिलेल्या लेखनप्रमादांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५चा आधार घ्यावा लागतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर किंवा नाव टाकले की उतारा समोर येतो. तलाठ्याच्या कचेरीत तो सापडण्याची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेशी तुलना केली तर ही उसळी खरोखर थक्क करणारी आहे आणि शेतकऱ्याचा हेलपाटा वाचला, हे तिचे सर्वांत मोठे फळ. फेरफार मात्र बटणाच्या वेगाने होत नाही. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावीच लागते, आणि ती कमी करावी असे कुणी म्हणू नये. माणसाला हक्क सांगायला वेळ हवा.

या साऱ्या पद्धती एकाच वेळी पणाला लागल्या त्या २०२३ साली. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरते असलेले हे काम नोव्हेंबरात राज्यभर वाढले आणि सातारा-सांगलीतही कक्ष उघडले. शोधायची बाब एकच होती, जात. पण कोणतेही दप्तर जातीच्या क्रमाने लावलेले नव्हते. गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही तारखेच्या क्रमाने, शाळेचे जनरल रजिस्टर प्रवेशाच्या क्रमाने, जुने पाहणीपत्रक शेतांच्या क्रमाने. त्यामुळे सूचीचा उपयोग नव्हता, प्रत्येक पान आणि प्रत्येक ओळ वाचण्याला पर्याय नव्हता. जुनी पाने मोडीत, जात कुठे पूर्ण तर कुठे आखडून लिहिलेली. मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला, कारण शाळांतून मोडी उठून दोन पिढ्या झाल्या होत्या. स्कॅन केलेली पाने पडद्यावर दिसत असली तरी ती चित्रेच होती. गाव, दप्तराचा प्रकार आणि साल याखेरीज त्यांना दुसरी ओळख नव्हती.

सापडलेल्या नोंदींच्या नकला स्कॅन करून आणि मोडीचे लिप्यंतर करून त्या जिल्हा प्रशासनांच्या संकेतस्थळांवर ठेवण्याची व्यवस्था झाली, तीही तालुका आणि गाव या क्रमाने. म्हणजे तारखेच्या आणि शेताच्या क्रमात अडकलेली बाब आता गावाच्या क्रमात आली आहे. ज्याला आपले मूळ गाव ठाऊक आहे त्याचा शोध तेथे लवकर संपतो. ज्याचे घराणे कोयनेच्या धरणात बुडालेल्या गावातून उठले किंवा पोटापाण्यासाठी पिढ्यांपूर्वी दुसरीकडे गेले, त्याला आजही आधी गावाचे नाव शोधावे लागते आणि मगच नोंदीचे.